कुवेतहून आणलेली एक कॅसेट

कुवेत बघायला म्हणून कुणी जात नाही. दुबई पाहून आलेली माणसं आमच्या आळीत चार घरी सापडतील, मोबाइलमधले फोटोही दाखवतील. कुवेतला माणसं जातात ती कामाला, नाहीतर कामाला गेलेल्यांकडे. माझी भाची केतकी तिथल्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे. तिच्याकडे मी पंधरा दिवस राहिले. पण मी गेले होते ते जुनी पत्रं मागायला.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते आधी सांगते. दापोलीजवळच्या आमच्या गावात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर चुलतभावाच्या मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, मिनेसोटात, तीन महिने राहिले. तिथल्या एका लहान गावात, जुन्या शाळेच्या खोलीत, नॉर्वेहून येऊन शेती करणाऱ्यांचे कागद जपून ठेवलेले पाहिले. त्यात कुणी मोठी माणसं नव्हती. कुणा बाईनं आईला लिहिलेलं पत्र, गाय व्यायल्याची नोंद, पेटीत भरलेल्या सामानाची यादी, एक पत्र तर अर्ध्यावर सोडून दिलेलं. तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी मला त्यातलं एक इंग्रजीत वाचून दाखवलं. इथली माती काळी आहे आणि नांगराला दगड लागत नाही, हे त्या बाईनं आईला एकाच पत्रात तीनदा सांगितलं होतं. मला ते ऐकून भरून आलं. कुणाची कोण ती बाई.

परत येताना मनात एकच होतं. आमच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर जातायत. आधी आफ्रिका, मग बोटींवरच्या नोकऱ्या, मग आखात. त्यांचं लिहिणं कुणी ठेवलं? वाचनालयाकडून मी एक कपाट मागून घेतलं. दोन वर्षं त्यात कुणी काही आणून दिलं नाही. तेव्हा केतकी म्हणाली, "मावशी, इथे ये आणि इथेच माग. तिकडे सगळ्यांनी रद्दीत घातलं असेल."

फरवानिया

केतकीचं घर फरवानियात, सातव्या मजल्यावर. ती आणि तिचा नवरा निखिल सकाळी सहाला बाहेर पडत. त्यांची आठ वर्षांची इरा साडेसहाच्या बसनं शाळेत जाई. त्यानंतर दुपारपर्यंत त्या घरात मी आणि एसीचा आवाज. खिडक्यांना काळी काच. त्यातून बाहेरचं ऊन संध्याकाळसारखं दिसायचं, त्यामुळे वेळेचा अंदाजच येईना. समोरच्या इमारतीलाही तशीच काच. पंधरा दिवसांत मला त्या इमारतीत एकही माणूस दिसला नाही. गावी मी एकटीच राहते आणि मला एकटं राहायची सवय आहे असं मी सगळ्यांना सांगत असते. ती सवय अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भरवशावर होती, हे मला तिथे कळलं.

तिसऱ्या दिवशी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले आणि मागे दार आपोआप लागलं. किल्ली आत, फोन आत. पायात सपाता आणि अंगात गाऊन. शेजारच्या तिन्ही दारांवर टकटक केली, कुणीच घरी नव्हतं. मी जिन्यात बसले. तासाभरानं इमारतीची देखभाल करणारा इजिप्तचा म्हातारा वर आला. त्याला हिंदी येईना, मला अरबी. त्यानं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि खाली निघून गेला. थोड्या वेळानं प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली आणि खुबूस घेऊन आला. खुबूस म्हणजे त्यांची पोळी, मैद्याची आणि जाडसर. आत पांढरं चीज गुंडाळलेलं होतं. मी खात होते तोवर तो भिंतीला टेकून उभा राहिला, मला एकटं वाटू नये म्हणून असावं. आपल्याकडे परक्या बाईला जिन्यात कुणी खुर्ची आणून दिली असती का, याचा मी बराच वेळ विचार केला.

इरा शाळेतून आली ती माझ्याकडे बघतच राहिली. "आज्जी, व्हाय आर यू सिटिंग हिअर?"

"दार लागलं गं."

"यू शुड हॅव कॉल्ड मॉम."

मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती मला इंग्रजीत उत्तरं द्यायची. ती मायाळू मुलगी आहे. संध्याकाळी माझ्या उशीखाली तिनं घराची जादा किल्ली आणून ठेवली, तिला दोरी बांधून.

जहरा

केतकीनं ओळखीपाळखीतून तीन-चार जणांचे नंबर काढले होते. पुण्याच्या एका नर्सबाई फोनवर म्हणाल्या, सगळं व्हॉट्सॲपवर होतं, फोन हरवला, संपलं. दुसऱ्या एकांनी बोलावलं आणि आयत्या वेळी ड्यूटी लागली. जहऱ्याला मात्र जायला मिळालं. हे शहराच्या पश्चिमेला तासाभरावरचं गाव. वाटेत दोन्ही बाजूंना नुसतं सपाट पिवळं, आणि मधेच कुठेतरी तंबू. कोकणातल्या माणसाला एवढं सपाट सोसत नाही. नजर अडकायला काहीतरी लागतं.

तिथे लातूरचे गायकवाड होते. बावीस वर्षं बाथरूमचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत क्लार्क. त्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा केला होता. ज्वारीचं पीठ गावाहून येतं आणि ते शुक्रवारीच काढतात, पण माझ्यासाठी सोमवारी काढलं होतं.

"पत्र म्हणलात तर एकबी नाही बघा मावशी," ते म्हणाले. "आईचं एक होतं, ते पाकिटात घालून फिरायचो, घामानं गेलं. पण हे हाय." त्यांनी डब्यातून कंपनीची ओळखपत्रं काढली. दर दोन वर्षांचं एक, अशी अकरा. ओळीनं मांडली तर माणूस डोळ्यांदेखत म्हातारा होत गेलेला दिसायचा. सहाव्यापर्यंत मिशी काळी, नवव्याला डोक्यावर केस नाहीत. शेवटच्यावर ते माझ्यासमोर बसले होते तसे.

"हे चालतंय का तुमच्या कपाटाला?"

"चालतं," मी म्हणाले.

निघताना त्यांनीच सांगितलं, "आमच्या राई भागातल्या गोदामात एक कोकणी चाचा हाय. तुमच्याच तिकडचा. या महिन्यात कायमचा चाललाय. वय झालं, इकामा आता वाढत नाही." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो संपला की माणसाचं तिथलं सगळंच संपतं, मग तो तिथे कितीही वर्षं राहिलेला असो.

राई

राई हा गोदामांचा आणि शोरूमचा भाग. रस्त्याच्या एका बाजूला काचेआड झुंबरं आणि संगमरवर, मागच्या गल्लीत गॅरेज, ट्रक आणि तेलाचे डाग. त्या मागच्या गल्लीत युसूफभाई भेटले. नाव खरं नाही. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला विचारून लिहिते आहे, पण नावं बदललीत.

सदुसष्ट वर्षांचे, अंगानं बारीक, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. नळ, तोट्या, शॉवर यांच्या खोक्यांच्या भिंती आणि मधल्या बोळात त्यांचं टेबल. मी मराठीत नमस्कार म्हटल्यावर ते उठून उभे राहिले.

"बाय, तुमी कुठल्या?"

मी दापोलीकडचं नाव सांगितलं. त्यांनी खाडीपलीकडचं त्यांचं गाव सांगितलं. मग दहा मिनिटं आम्ही नुसती गावांची नावं घेत होतो. त्यांनी एक म्हणायचं, मी पुढचं. तर कधी एखाद्या बंद पडलेल्या होडीचं नाव. त्यांनी चहा मागवला. तिथला चहा वेलची घालून, पितळेसारख्या रंगाचा होईपर्यंत उकळलेला.

मी कपाटाचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले.

"पत्रं नायत माझ्याकडं. आधीची भावाची होती ती नव्वदला गेली. इराकी आले तेव्हा आमी अंगावरच्या कपड्यांनिशी जॉर्डनला गेलो, तिथनं मुंबईला. परत आलो तर खोलीत काय नवतं. आणि त्याच्यानंतर... आमच्या घरवालीला लिहिता येत नाय. दुसऱ्याकडनं लिहून घ्यायला तिला लाज वाटायची. म्हणून आमी टेप पाठवायचो."

हे मला ठाऊक नव्हतं. गावाकडच्या माणसाबरोबर कॅसेट जायची. घरी ती ऐकायची, आणि मग त्याच कॅसेटवर पहिल्यापासून आपलं बोलणं भरून ती परत पाठवायची. त्यांनी ऐकायची, त्यावर आपलं भरायचं. अशी एकच कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करायची.

"म्हणजे आधीचं सगळं पुसलं जायचं?"

"पुसायचंच ना. ऐकून झालेलं असायचं."

किती फेऱ्या पुसल्या गेल्या असतील ते मी मनात मोजू लागले. ग्रंथपालाचा जीव तो.

"मग आता काहीच नाही?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला. पावतीपुस्तकांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट होती. "ही हाय. शेवटची तिची. ही मी परत पाठवली नाय." आणि मग खाली बघून म्हणाले, "ह्याच्यावर मी जबाब भरलाच नाय."

ती त्यांनी एकदाच ऐकली होती. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आता ऐकायची होती, पण वाजवायला काही नव्हतं.

"एकट्यानं ऐकवत नाय," ते म्हणाले. "तुमी गावच्या हाव. असाल तर ऐकीन."

शुक्रवारचा बाजार

राईतच दर शुक्रवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो. सोफे, सायकली, पिंजऱ्यातले पोपट, कुणाच्या तरी लग्नातली ताटं. देश सोडून जाणारे जे टाकून जातात ते सगळं तिथे येतं, असं युसूफभाई म्हणाले. त्या दिवशी सकाळपासून धूळ उठली होती. सूर्य पांढऱ्या थाळीसारखा दिसत होता आणि दातांखाली कचकच लागत होती. मी पदर नाकाला लावून त्यांच्या मागोमाग चालत होते. ते पुढे जाऊन पुन्हा मागे वळून बघत, मी आहे ना म्हणून.

तीन टेपरेकॉर्डर मिळाले. पहिला चालूच होईना. दुसऱ्यात कॅसेट घातली असती तर फीत गुंतली असती. विकणाऱ्यानं आपली एक कव्वालीची कॅसेट लावून दाखवली आणि ती यंत्रानं गिळली. तिसरा एका बांगलादेशी म्हाताऱ्याकडे होता, पट्ट्यानं खांद्याला अडकवायचा.

"चाचा, ये क्या सुनना है?" त्यानं हिंदीत विचारलं.

"बीवी की आवाज," युसूफभाई म्हणाले.

त्या माणसानं फडक्यानं यंत्राचं आतलं डोकं, फीत घासते ते, पुसलं, आपल्या खिशातल्या बॅटऱ्या घातल्या आणि यंत्र त्यांच्या हातात ठेवलं. त्यानं त्याचे किती घेतले ते मला कळलं नाही. दोघं एकमेकांशी बराच वेळ हात मिळवून उभे होते.

अर्दिया

युसूफभाईंची खोली अर्दियात, गोदामांच्या रांगेमागे. एके काळी सहा जण राहत, आता तिघे. बाकीचे दोघे जुम्म्याच्या नमाजानंतर बाहेर गेले होते. युसूफभाईंनी दार सताड उघडं ठेवलं, मला एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या काठावर बसले. वरखाली खाटा, भिंतीला खिळ्यांवर कपडे, खाटेखाली पत्र्याची पेटी, पेटीवर उपडं घातलेलं स्टीलचं ताट. भिंतीत जागा एसीला कापलेली. खिडकी नव्हती.

जेवायला त्यांनी मासा केला होता. आपलं पापलेट, तिथे त्याला झुबैदी म्हणतात. कोकम गावचं. मासा उत्तम झाला होता, पण दोघांचंही लक्ष त्या यंत्राकडे.

त्यांनी हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि बटण दाबलं.

आधी खरखर. मग एका पुरुषाचा आवाज, "बोल वैनी, चालू झाला." त्यांच्या धाकट्या भावाचा. मग बाई हसली.

"अस्सलामु अलैकुम. मी हलिमा बोलतंय. पोरां बरी हायत. थोरला तुमच्यावानी चिडतो, आणि मग कोपऱ्यात जाऊन बसतो. पडवीची तीन कौलं वाऱ्यानं गेली, भावोजींनी बसवून दिली. तुमची आय बरी हाय." मग आवाज खाली आला, जणू तिनं यंत्र जवळ ओढलं असावं. "तुमी मागं बोललाव, तुमच्या खोलीच्या खिडकीतनं दर्या दिसतो म्हणून. मी आयंना सांगितलं, त्या खूष झाल्या. पण दर्या माझ्या दारात हाय. मला त्याचं काय नवल नाय. मला तुमची खोली बघायचीय. तुमी निजताव कुठं, ताट कुठं ठेवताव, कपडे कुठं वाळत घालताव. येवढं बघून मी परत येन. मला राहायला नको. आठ दिस पुरे. काय ते बोला. आता बस करतंय."

खट्ट आवाज झाला. मला वाटलं संपलं. पण तिचं बोलणं थोडकंच होतं, आणि त्याखालचं जे आधीचं होतं ते तिथून पुढे पुसलं गेलेलं नव्हतं. अचानक, वाक्याच्या मधूनच, एक जवान पुरुष बोलायला लागला. उत्साहानं, भरभर.

"...उघडली की समोर समुद्र. असा वारा येतो, पंखा लावायला लागत नाय. खोलीत आमी दोघंच. पुढच्या ईदला तुझा व्हिसा करतो, तू बघशील..." त्याच्या मागे कुठेतरी ट्रक मागे घेत होते. भोंगा, माणसांची ओरड, पुन्हा भोंगा.

युसूफभाईंनी यंत्र बंद केलं. त्यांनी पेटीवरच्या ताटाकडे बघितलं.

"सहा जण होतो इथं," ते म्हणाले. "सगळ्यांच्या समोर कसा बोलणार, म्हणून गोदामाच्या मागं माल चढवायच्या धक्क्यावर बसून भरायचो. तिला बरं वाटावं म्हणून बोलून गेलो. मग तिनं हे मागितलं. आता काय सांगू? ये म्हटलं तर हीच खोली दाखवायची. नको म्हटलं तर कशाला नको? म्हणून जबाब भरला नाय. मग गावात फोन आला. फोनवर पोरं, आय, सगळी बाजूला. तिनं परत कधी विचारलं नाय. मीपण विषय काढला नाय."

"रजेवर जात होतात ना?"

"दोन वर्षांनी एकदा. घर पाव्हण्यांनी भरलेलं. ती चहा करायची, मी पाव्हण्यांत बसायचो. रजा संपायची." त्यांनी रुमाल सोडला. "आता दहा दिवसांनी जातोय, कायमचा. चाळीस वर्षांत आमी दोघं सलग तीन महिने एका घरात राहिलो नाय, बाय. मला भीती वाटते. कुणाला सांगू हे?"

मी आयुष्यभर एकटी राहिलेली बाई. कुणी माझी वाट बघत नव्हतं, मला कुणाला खोटं सांगायची वेळ आली नव्हती. त्या क्षणी मला त्यांचा हेवाच वाटला, हे इथे कबूल करते.

आणि त्याचबरोबर, तेही कबूल करते, मी कपाटाचा विचार करत होते. एका फितीवर दोघांचे आवाज, एकाच्या खाली दुसरा. सगळ्या प्रवासात मला याहून मोलाचं काही मिळणार नव्हतं. मी विचारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "मी जबाब भरतो. आज. तुमी माझ्या आधी गावाला पोचताय. माझ्या आधी हे तिला मिळायला पाहिजे. मी दारात उभा राहीन तेव्हा तिला ठाव असलं पाहिजे."

"भरा ना. आपण कोरी कॅसेट आणू," मी घाईनं म्हणाले. "बाजारात होत्या. ही अशीच राहू दे."

त्यांनी मान हलवली. "आमची रीत नाय ती. तिच्या बोलण्यावर बोलायचं. कोरी पाठवली तर तिला वाटंल मी तिचं ऐकलाच नाय."

"मग निदान माझ्या फोनमध्ये उतरवून घेते. तुमच्या समोर. वाचनालयात कुणाला ऐकू देणार नाही."

मी फोन काढून हातात धरला होता.

"तुमी मागताय तर मला नाय म्हणवत नाय," ते म्हणाले. "पण तिला विचारलं नाय ना आपण."

मी फोन पिशवीत टाकला. त्यांनी कॅसेट मागे गुंडाळली. मी बाहेर येऊन गल्लीत, गोदामाच्या सावलीला उभी राहिले. धूळ बसत आली होती. मागे दार लागलं. आत काय बोलले ते मला माहीत नाही. अर्धा तास लागला, एवढं माहीत आहे. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं, आणि कॅसेट यंत्रातच ठेवून सगळं माझ्या हातात दिलं.

"वाजवायला तिच्याकडं काय नाय," एवढंच म्हणाले.

परत

कुवेतच्या विमानतळावर त्या यंत्रानं माझी अर्धा तास उलटतपासणी करवली. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं असं काही पाहिलंच नव्हतं. बॅटऱ्या काढल्या, परत घातल्या, कॅसेट उजेडात धरली. शेवटी त्याच्या वयस्क सहकाऱ्यानं ती हातात घेऊन त्याला अरबीत काहीतरी समजावलं, आणि दोघंही हसले. इरानं निघताना माझ्या गळ्यात हात टाकून "परत ये" म्हटलं. मराठीत. मी विमानात बसेपर्यंत ते दोन शब्द पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते.

घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी तरीच्या होडीनं खाडी ओलांडली. युसूफभाईंचं घर आता स्लॅबचं आहे. हलिमाबी मागल्या दारी बसून कोयत्यानं कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, फोडत होत्या. उंच, सावळ्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या. सून बाजारात गेली होती. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात धुतले, मला पडवीत बसवलं, चहा दिला. यंत्राकडे बघितलं.

"तुमी त्यांची खोली बघितलीत?" मी चहा संपवल्यावर त्या म्हणाल्या.

"बघितली."

"खिडकी हाय?"

मी यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हटलं, "त्यांनी यात सांगितलं असेल."

"नसंलच," त्या म्हणाल्या. "मला ठाव हाय. त्यांच्या बोलण्याच्या मागं ट्रक वाजायचे. दर्याकाठी जन्मलंय मी. दर्या असता तर मला आयकू आला नसता?"

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"येवढ्या हौसेनं सांगत होते," हलिमाबी म्हणाल्या. "कसा बोलणार?"

त्या यंत्र घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी वाजवायचं आणि फीत मागे न्यायचं बटण दाखवलं आणि पडवीत येऊन बसले. आतून युसूफभाईंचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते आणि मी कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही. अंगणात सुकत टाकलेल्या कोलंबीच्या सोड्यांवर कावळा येत होता, त्याला हाकलत राहिले. मधे एकदा आवाज थांबला, मग पुन्हा तेच पहिल्यापासून सुरू झालं. त्या परत ऐकत होत्या.

तरीच्या धक्क्याकडे जाणारी साडेचारची एसटी गाठायची तर उठायला हवं होतं. मी चपला घालत होते तेवढ्यात हलिमाबी दारात आल्या. डोळे लाल, पदर खांद्यावर घट्ट ओढलेला.

"बाय, ह्याच्यावर आवाज भरायचा तर कुठला बटण? आमचे दीर लावून द्यायचे, मला नाय येत."

"भरलंत तर त्यांचं पुसलं जाईल," मी म्हणाले.

"ऐकला मी. दोनदा ऐकला."

"पण ते तर सोमवारी येतायत. समोरच असतील."

"तोंडावर नाय सांगता येणार मला," त्या म्हणाल्या. "ते आले, जेवले, की मशीन त्यांच्यापुढं ठेवीन आणि मी खडकावर कालवांना जाईन. ओहोटी बघून ठेवलीय."

मी पुन्हा चपला काढल्या आणि आत गेले. त्यांची दोन बोटं धरून दोन बटणांवर ठेवली, दोन्ही एकदम दाबायची म्हणून दाखवलं, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.